अर्धी म्हणजे गोळीच नव्हे

४ सप्टेंबर, सोमवार

ही वही भिंगरीने माझ्या गळ्यात मारली. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं की डोकं कधी दुखतं, किती दुखतं ते रोज लिहून ठेव. तर ही म्हणते, "आजोबा पण लिहिणार असतील तरच मी लिहीन." सूनबाई माझ्याकडे बघायला लागली. डॉक्टरीणबाई मोबाइलच्या पडद्यातून बघायला लागल्या. आता नाही कसं म्हणणार? उभा जन्म औषधाच्या दुकानात डॉक्टरांचं कोंबडीच्या पायांसारखं अक्षर लावण्यात गेला, आणि या वयात स्वतः लिहायला बसलोय.

भिंगरी माझी नात, दहा वर्षांची. पाळण्यातलं नाव वेगळं आहे, पण एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. म्हणजे गेल्या वर्षीपर्यंत. आधी महिन्यातून एखादा दिवस डोकं दुखायचं. मग आठवड्याला. आता बहुतेक रोज शाळेतून येते ती कपाळ धरूनच. शाळा इतकी बुडाली की वर्गाच्या बाईंनी सूनबाईला बोलावून सांगितलं, असंच चाललं तर पुढच्या वर्षी याच वर्गात बसावं लागेल. पोरगी दाराशीच उभी होती, तिने सगळं ऐकलं. मैत्रीण पुढे जाणार आणि आपण मागे राहणार हे तिच्या फार मनाला लागलंय.

मुलांची डोकेदुखी बघणारे डॉक्टर फक्त शहरात. एकदा बसने नेलं तर पोर वाटभर ओकली आणि तिथे पोचून टेबलावर डोकं ठेवून झोपली. डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, पुढचं व्हिडिओवर करू. वर घरात नेट रांगतं, खाली दुकानात बिलांसाठी घेतलंय ते पळतं, म्हणून दुकानामागच्या खोलीत खोक्यांच्या मध्ये हा दवाखाना थाटलाय. मुलगा बोटीवर, वर्षातले चार महिने घरी, तेव्हा घरातला पुरुष मीच. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, असं मी म्हणालो. सूनबाईने कोपर मारलं. डॉक्टरीणबाईंना ऐकू गेलं असावं, त्या हसल्या.

६ सप्टेंबर, बुधवार

आज तपासणी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, आज तुम्ही माझे हात." मी चष्मा पुसून तयार. भिंगरीच्या डोळ्यांत बॅटरी मारली, आधी एकात, मग दुसऱ्यात. लहान पट्टा लावून रक्तदाब घेतला. नाकाला बोट, मग माझ्या बोटाला बोट. मग फरशीच्या रेघेवरून टाचेला पंजा लावून चालायला लावलं. ती सरळ चालली, मोबाइल धरून मागे चालणारा मीच खोक्याला धडकलो. "नातीचा तोल उत्तम आहे, तुमचा बघायला हवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पोरगी खुदकन हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. वय लहान असलं तरी बाई हुशार आहेत, हे मान्य करायला हवं.

मग विचारलं, दुखल्यावर गोळी किती वेळा घेते? सूनबाई म्हणाली, "आठवड्यातून एखादी. मीच देते, वजनाच्या हिशोबाने." "छान," म्हणाल्या.

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच. मी देतो ती अर्धी, आणि अर्धी म्हणजे गोळीच नव्हे. शाळा सुटली की भिंगरी आधी दुकानात येते, सूनबाई पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून सुटेपर्यंत माझ्यापाशीच असते. काउंटरजवळच्या उंच स्टुलावर चढते, डोकं काचेवर टेकते आणि डोळे मिटून तळहात पुढे करते. मी खणातून गोळी काढतो आणि अंगठ्याच्या नखाने मधोमध मोडतो. भुगा पडत नाही. हे कसब आता कोणाकडे राहिलेलं नाही, आजकाल त्यासाठी प्लॅस्टिकची यंत्रं विकत घेतात. अर्धी तिला, अर्धी डबीत उद्याला. मग ती माझ्याशी गप्पा मारते. तिची आजी गेल्यापासून दुपारी दुकानात चिटपाखरू नसतं, चार वाजले की जरा जिवंतपणा येतो.

१० सप्टेंबर, रविवार

दुकान बंद. भिंगरीचं डोकं सकाळपासून ठणकतंय. खिडकीला चादर लावून पडून आहे. गेल्या रविवारीही हेच. माझं स्पष्ट मत आहे की सुट्टीच्या दिवशी सूनबाई तिच्या मागे फार लागते. हे आवर, ते वाच, केस धू. दुकानात कोणी तिला टोकत नाही, तिथे तासाभरात टवटवीत होते. हे मी सूनबाईला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, आज तिला मी उठसुद्धा म्हटलेलं नाही." मग अर्धा दिवस आमच्यात अबोला. संध्याकाळी तिनेच चहा आणून दिला.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळ्यात थेंब घालून आतला पडदा बघितला. मागे सूज नाही, नंबर नाही, काही नाही. डॉक्टरीणबाईंना कळवलं तर म्हणाल्या, "ही फार चांगली बातमी आहे."

असेल. पण मला मनातून चष्मा लागावा असं वाटत होतं. चष्मा लागला की प्रश्न मिटला. हे "काही नाही" जिवाला जास्त खातं. समोरच्या घड्याळवाल्याला सांगितलं. तो माझा लहानपणापासूनचा मित्र, त्याला प्रत्येक रोगाचं कारण ठाऊक असतं. आज म्हणाला मोबाइल. काल उशी म्हणाला होता. परवा म्हणाला, "तुझ्या गप्पांनी दुखत असेल, मलाही दुखतं."

१९ सप्टेंबर, मंगळवार

भिंगरी स्टुलावर बसून तिची वही भरत होती. मला विचारलं, "आजोबा, गोळीच्या रकान्यात हे लिहू का?"

"काय?"

"आत्ता दिलीत ती."

मी म्हणालो, "अगं वेडे, अर्ध्या गोळीला कोण लिहितं?"

"अर्धी अधिक अर्धी म्हणजे एक. शाळेत शिकवलंय."

"शाळेत. दुकानात नाही."

ती हसली आणि पान उलटलं. हजरजबाबीपणात अजून मी कोणाला हार जात नाही. शिवाय तिने ते लिहिलं असतं तर सूनबाईने राईचा पर्वत केला असता. तिला सगळं विचारून केलेलं लागतं. औषधाच्या दुकानात जन्म काढलेल्या माणसाने नातीला अर्धी गोळी द्यायला कचेरीत फोन करायचा का?

२५ सप्टेंबर, सोमवार

आज व्हिडिओवर डॉक्टरीणबाईंनी भिंगरीची पानं बघितली. हसल्या नाहीत. म्हणाल्या, झोप सुधारली, जेवणाच्या वेळा सांभाळल्या, पाणी पिते, तरी दुखणं कमी नाही, उलट वाढलंय. "हे बसत नाहीये," म्हणाल्या. येत्या सोमवारपर्यंत असंच राहिलं तर शहरात आणा. दोन-तीन दिवस दाखल करून मेंदूचा फोटो काढू, आणि रोजचं औषध सुरू करू. त्या औषधाने सुस्ती येते, अभ्यासात मन लागायला वेळ लागतो, हेही सांगितलं. लपवालपवी करणारी बाई नाही.

भिंगरीने विचारलं, "म्हणजे मी त्याच वर्गात बसणार?"

फोन बंद झाल्यावर सूनबाई लसींच्या फ्रिजकडे तोंड करून रडली. मला दिसू नये म्हणून. एवढीशी पोर त्या नळकांड्यात घालणार. काय असेल तिच्या डोक्यात? नाही नाही ते विचार येतात.

या आठवड्यात तिला फार जपायचं ठरवलंय. दुखायची वाटच बघायची नाही. आल्या आल्या अर्धी हातावर, म्हणजे दुखणं डोकंच वर काढणार नाही.

२ ऑक्टोबर, सोमवार

कसं लिहू?

सूनबाईला दोन ऑक्टोबरची सुट्टी होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दाखल करायचं ठरवण्याआधी एक गंमत करू. भिंगरी, डोकं दुखायला लागलं की तू काय काय करतेस ते मला नाटक करून दाखव. सांगायचं नाही, करायचं. आजोबा, आई, तुम्ही तुमची कामं करा, नेहमीसारखी. मोबाइल सूनबाईने धरला.

पोरीला नाटक म्हटल्यावर काय हवं! बाहेर गेली, पाठीला दप्तर लावून कपाळ धरून आत आली. "आई गं," म्हणाली. घड्याळवाला समोरून टाळ्या वाजवत होता. स्टुलावर चढली, काचेवर डोकं टेकलं, डोळे मिटले आणि तळहात पुढे केला.

आणि माझा हात खणात गेला. मी घातला नाही, गेला. गोळी काढली, नख लावलं, मोडली. अर्धी तिच्या हातावर ठेवणार तोच ध्यानात आलं की सूनबाईने धरलेला मोबाइल माझ्या हाताकडे वळलाय.

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, ते काय आहे?"

"काही नाही हो. अर्धी आहे. साधी, दुखण्यावरची."

"किती दिवसांनी देता?"

मी म्हणालो, "दुखल्यावर." भिंगरी म्हणाली, "रोज. रविवारी नाही, रविवारी दुकान बंद असतं." तिला वाटलं ती मला मदत करतेय.

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले आणि उघडले. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, दुखण्यावरची गोळी महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस घेतली की डोकं त्या गोळीसाठीच दुखायला लागतं. मोठ्यांचं तसंच मुलांचं. "अर्धी गोळी दुखणं थांबवायला कमी पडते, आजोबा, आणि सवय लावायला पुरते." तिचं मूळ दुखणं महिन्यातून एकदा येणारं, साधं, आईकडून आलेलं. बाकीचं बहुतेक या स्टुलावरचं.

मग पुढचं सांगितलं. दाखल करणं पुढे ढकललं. गोळी आजपासून पूर्ण बंद. पहिले दोन आठवडे दुखणं वाढेल, ते वाढलं म्हणून घाबरायचं नाही. वांती व्हायला लागली, चालताना तोल गेला, डोळ्यांना दोन-दोन दिसलं, तर तडक फोन करायचा. त्यानंतर कधी खरंच जोरात दुखलं तर वजनाच्या हिशोबाची पूर्ण मात्रा, आईच्या हातून, आणि आठवड्यातून दोन दिवसांच्या वर कधीच नाही.

घड्याळवाला नंतर येऊन म्हणाला, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." मी त्याला दुकानातून घालवून दिलं.

३ ऑक्टोबर, मंगळवार

सूनबाई ओरडली असती तर मीही ओरडलो असतो. ती सकाळी खाली आली, खणाची किल्ली मागितली आणि म्हणाली, "बाबा, दर वेळी मी त्यांना छातीठोकपणे सांगत होते, आठवड्यातून एखादी. तुम्ही शेजारी उभे होतात."

मी म्हणालो, "मला अर्धी..."

"माझ्या पोरीला मी त्या मशीनमध्ये झोपवणार होते. महिनाभर मला वाटतंय तिच्या डोक्यात काहीतरी वाढतंय. कचेरीत बसून मी काय काय कल्पना केल्या ते तुम्हाला सांगू का?"

नको म्हणालो. किल्ली दिली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार काय? दुकानभर फळ्यांवर त्याच गोळ्या आहेत, एका खणाची किल्ली घेऊन काय होणार, हे तिलाही कळतं आणि मलाही.

५ ऑक्टोबर, गुरुवार

भिंगरी चार वाजता आली. चेहरा पांढराफटक. स्टुलावर चढून हात पुढे केला. मी म्हणालो, "बाळा, नाही."

"अर्धीच."

"नाही."

"पाव?"

काउंटरच्या मागे जमिनीपासून छतापर्यंत औषधं, आणि माझ्यापाशी या पोरीला द्यायला काही नाही. हातावर ठेवायला काही नव्हतं म्हणून माझा हात ठेवला. तिने झटकून टाकला. म्हणाली, "तुमच्याकडे इतक्या आहेत आणि तुम्ही मला एक देत नाही. तुम्ही वाईट आहात." गिऱ्हाईक उभं होतं. त्याला खोकल्याचं औषध द्यायचं ते मी पोटाचं दिलं, त्यानेच परत आणून दिलं.

९ ऑक्टोबर, सोमवार

काल रविवार फार वाईट गेला, आज त्याहून वाईट. शाळेला गेलीच नाही. सूनबाईला कचेरीत जाणं भाग होतं, म्हणून मागच्या खोलीत खोक्यांमध्ये गादी टाकली आणि शटर अर्धं खाली ओढलं. कपाळावर ओलं फडकं. ती कण्हत होती आणि मी बाहेर लोकांना त्याच गोळ्यांची पाकिटं देत होतो.

दुपारी माझा धीर सुटला. व्हिडिओतल्या बाईला काय कळतंय, ती काय इथे बसून हे कण्हणं ऐकतेय? एक दिली तर कोण बघणार? फळीवरून पाकीट काढलंसुद्धा. ते हातात घेऊनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. मध्ये कोणी मदतनीस होती, तिला म्हणालो, डोकेदुखीचा आजोबा बोलतोय. दहा मिनिटांत बाई स्वतः पडद्यावर आल्या. माझ्या हातातलं पाकीट त्यांना दिसलं. वांती? नाही. दोन दिसतात? नाही. फरशीच्या रेघेवर चालवा. चालली, रडत, पण सरळ. मग मला म्हणाल्या, "आजोबा, आज दिलीत तर सगळं पहिल्यापासून. आणखी चार-पाच दिवस. तिच्याजवळ बसा."

"दुकान?"

"दुकान बंद करा."

भर सोमवारी शटर पूर्ण खाली ओढलं. घड्याळवाल्याला वाटलं मीच गेलो, धावत आला. त्याला परत पाठवलं. मग अंधारात तिच्या गादीशी बसून राहिलो. हात पुढे केला, तिने झटकला नाही. बोटं धरून झोपली.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

आज दुखलं नाही. सकाळपासून रात्रीच्या जेवणापर्यंत नाही. कोणी मोठ्याने बोललंही नाही, उगाच नजर लागायला नको. सूनबाई माझ्या पानात वाढताना म्हणाली, "बाबा, आणखी घ्या." दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

व्हिडिओवर डॉक्टरीणबाईंनी भिंगरीच्या वहीचं पान पडद्यापाशी धरायला सांगितलं. दोन आठवड्यांत एकदा दुखलं, शाळेत पळून आल्यावर. सूनबाईने पूर्ण मात्रा दिली, झोपली, उठली तर गायब. मला ते दुसऱ्या दिवशी कळलं. म्हणजे ठरलंय तसंच झालं, त्यात काही नाही.

शहर नाही, फोटो नाही, रोजचं औषध नाही. शाळेच्या बाई म्हणाल्या, आता नियमित आली तर वर्षाला धोका नाही. भिंगरीने खोलीत तीन गिरक्या घेतल्या आणि खोकी पाडली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता रोज लिहू नकोस, दुखलं त्याच दिवशी लिही. जाता जाता मला विचारलं, "आजोबा, तुम्ही कसे आहात?" मी म्हणालो, मला काय धाड भरलीय.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

भिंगरी आता शाळा सुटल्यावर मैत्रिणीकडे जाते. तिथे खेळतात, अभ्यास करतात, सूनबाई येताना तिला घेऊन येते. चांगलं आहे. दहा वर्षांच्या पोरीने औषधाच्या दुकानात बसून करायचं काय? आधीच्या आठवड्यात एकदा आली होती, पाच मिनिटं, दप्तर ठेवायला. घड्याळवाला म्हणतो, "तिचं डोकं थांबलं आणि तुझं सुरू झालेलं दिसतंय." त्याला म्हणालो, तू घड्याळं बघ.

आज दुपारी तसाच बसलो होतो. शाळेची घंटा ऐकू आली. मुलांचा गलबला रस्त्यावरून पुढे गेला, त्यात भिंगरीचा आवाज आला, "आजोबा, थांबत नाही, उशीर होतोय!" मी मान वर करेपर्यंत दोघी कोपऱ्यावरून वळल्यासुद्धा. पळत होती. तिच्या पळण्याकडे बघून डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला सांगू.

मग खाली बघितलं तर हातात गोळी होती. घंटेबरोबर केव्हा काढली आणि केव्हा मोडली, मला कळलंही नाही. मधोमध, भुगा न पडता. दोन्ही अर्ध्या काचेवर पडून होत्या.

दोन्ही कचऱ्यात टाकल्या. स्टूल आत नेऊन ठेवणार होतो, मग राहू दिलं. चार वाजता दुकानात येणारा माणूस उभा तरी किती वेळ राहणार?